दिसते रूप आणि दडलेले बीज

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१-१३



शमुवेल संदेष्टा कालवड बरोबर घेऊन बेथलेहेमास गेला, आणि इशायाचे पुत्र एकामागून एक त्याच्यापुढे उभे राहिले. थोरला अलीयाब उंच व देखणा. हाच तो अभिषिक्त, असे त्या वृद्ध भक्ताच्या मनाने तत्काळ घेतले. परंतु देवाने ती निवड मान्य केली नाही. सात पुत्र पुढून गेले, आणि ज्याची निवड व्हावयाची होती तो रानात मेंढरे राखीत होता. केवळ डोळ्यांनी केलेली निवड कशी फसते, ह्याविषयी गुरांच्या पैदाशीतील एक खरा वृत्तांत आज आपणांपुढे ठेवतो. आपण गुरे पाळणारे लोक आहो, म्हणून तो आपणांस सहज उमजेल.

अमेरिकेत मांसासाठी गुरांचे मोठमोठे कळप पाळतात. त्यांतील हेरफर्ड जात मूळची इंग्लंडातील व अँगस जात स्कॉटलंडातील. १९३० नंतरच्या काळात तेथील पैदासकारांस लहान चणीचे व लवकर भरणारे जनावर आवडू लागले. प्रदर्शनांत पंच आखूड पायांच्या, रुंद व ठेंगण्या वळूंस बक्षिसे देत, आणि अशा वळूंची प्रजा दूरदूरच्या कळपांत पसरे. पुढे १९४० नंतरच्या दशकात त्या कळपांत खुजी वासरे जन्मास येऊ लागली. त्यांचे कपाळ पुढे आलेले, पोट फुगलेले, आणि श्वास घेताना घुरघुर चाललेली. पुष्कळ वासरे लहानपणीच मरत. नवल हे की त्यांचे आईबाप धडधाकट होते!

ह्याचे कारण असे : प्रत्येक जनावरास गुणांचे बीज दोहोंकडून मिळते, एक बापाकडून व एक आईकडून. ह्या खुजेपणाचे बीज एकाच बाजूने आले, तर दुसऱ्या बाजूचे निर्दोष बीज त्यास झाकून टाकते. दोन्ही बाजूंनी आले म्हणजे दोष उघड होतो. असा झाकलेला दोष बाळगणारे वळू व गाय एकत्र आली, तर सरासरीने ४ वासरांत १ खुजे निपजते, २ वरून निरोगी पण आतून दोष वाहणारी असतात, आणि १ मात्र सर्वथा निर्मळ असते. शिवाय पुढे जाणत्यांच्या ध्यानात आले की, दोष वाहणारा खोंड पुष्कळदा अधिकच ठेंगणा व भरीव दिसे, आणि म्हणूनच पंचांच्या मनास भरे. त्यांनी रूप निवडले, आणि रूपाबरोबर न कळत दोषही निवडला.

ह्यावरून आपणांस तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली ही की, खरी परीक्षा फळावरून होते. ज्या गाईंनी एकदा खुजे वासरू दिले होते, अशांशी नव्या वळूचा संयोग करून पाहत. १६ वासरे निकोप झाली, तर दोष असूनही तो वळू परीक्षेतून निसटला असण्याचा संभव शंभरांत एकच उरे. आज केसांच्या मुळांवरूनही बीजाची परीक्षा होते. आपल्या गावचा वळू निवडताना आपण शिंगे, वशिंड व रंग पाहतो. त्याची वासरे कशी आहेत व त्याच्या आईचे दूध कसे होते, हे किती जण विचारतात? मंडळीचा वडील किंवा उपदेशक निवडतानाही आपण गोड वाणी व स्वच्छ अंगरखा पाहून भुलतो. त्याच्या घरात, शेतात व देण्याघेण्यात काय पिकले आहे, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट ही की, झाकलेला दोष वाढतो. कळपाच्या नावास बट्टा लागू नये म्हणून कित्येक मालकांनी खुज्या वासरांची वार्ता दडविली, आणि त्यांचे वळू विकत घेणाऱ्यांच्या घरी तेच दुःख गेले. उलट २००८ साली अँगस जातीत वाकड्या कण्याची मृत वासरे जन्मण्याचे कारण असेच दडलेले बीज आहे, असे उघड झाले. एका फार नावाजलेल्या वळूच्या वंशातून, कृत्रिम रेतनाच्या द्वारे, ते दूरवर पसरले होते. तेव्हा मात्र परीक्षा लवकर सिद्ध झाली, दोष वाहणाऱ्या जनावरांची नावे सर्वांपुढे मांडण्यात आली, आणि पुढील पिढ्यांचे रक्षण करता आले. बंधूंनो, घरातील व्यसन, मंडळीच्या पैशातील घोटाळा, भावाभावांतील वैर, ही नावाच्या भीतीने झाकून ठेवाल तर ती तुमच्या लेकरांच्या वाट्यास येतील.

तिसरी गोष्ट नीट ध्यानात धरा. जनावराची किंमत त्याच्या बीजावरून व वंशावळीवरून करणे योग्य आहे. माणसाची तशी करणे हे पाप आहे. ज्यांच्या वाडवडिलांस गावाच्या विहिरीवर घडा बुडवू दिला नाही, त्यांस हे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु सोयरीक जुळविताना आपणच एकमेकांचे पूर्वीचे कूळ विचारीत बसतो, तेव्हा आपण काय करितो? दावीदाची पणजी रूथ मवाबी होती, परकी व निराधार विधवा होती, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरीत होती. वंशावळीची वही पाहून राजा निवडावयाचा असता, तर दावीद दारातूनच परत गेला असता.

ह्यास्तव गोठ्यात वंश पाहा, वासरे पाहा, नोंद ठेवा. त्यात आळस करू नका. माणसांमध्ये मात्र अंतःकरण व त्याची फळे पाहा. आणि जे दोष आपल्या ठायी दडलेले आहेत, ते दुसऱ्याच्या दारी उगवण्यापूर्वी देवापुढे व बंधूंपुढे उघड करण्याचे धैर्य तो आपणां सर्वांस देवो. आमेन.