जाणिवेचे ओझे : किशोरवयीनांचे नैराश्य आणि आत्महत्या प्रतिबंध

जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी छत्रपती संभाजीनगर हे मुलांच्या शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. दहावीनंतर नीट किंवा जेईईच्या तयारीसाठी आलेली मुले येथे भाड्याच्या खोलीत अथवा वसतिगृहात राहतात, मेसमध्ये जेवतात आणि दिवसाचा बहुतेक वेळ क्लास व अभ्यासिका यांत घालवतात. त्यांच्या फीमागे कधी कर्ज असते, तर कधी आईचे मोडलेले दागिने असतात. ‘आईबापाच्या कष्टांची जाणीव ठेव’ हा उपदेश घेऊनच मूल घर सोडते. हे मूल्य उदात्त आहे यात शंका नाही; परंतु घरच्यांच्या काळजीत भर नको, म्हणून मूल आपले दुःख त्यांच्यापासून लपवू लागते, तेव्हा हीच जाणीव त्याला मदतीपासून दूर नेते.

ताण आणि नैराश्य यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाहेरून आलेल्या मागणीला शरीराने व मनाने दिलेला प्रतिसाद म्हणजे ताण. परीक्षेपूर्वीची धडधड किंवा एखाद्या रात्रीची उडालेली झोप ही त्याची स्वाभाविक रूपे असून परीक्षा संपल्यावर ती बहुधा ओसरतात. नैराश्य हा मात्र आजार आहे. निदान दोन आठवडे, दिवसाचा बराच काळ टिकणारी उदासी किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस संपणे ही त्याची मुख्य लक्षणे होत, आणि त्यांच्या जोडीला झोप, भूक व एकाग्रता बिघडते. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिडच ठळक दिसू शकते, त्यामुळे मोठ्यांना त्यात उद्धटपणा, आळस किंवा ‘नाटक’ दिसते आणि ज्या मुलाला आधार हवा त्याच्या वाट्याला बोलणी येतात.

अवाजवी अपराधभाव, म्हणजे स्वतःला सतत दोषी व निरुपयोगी मानणे, हेही नैराश्याचे एक लक्षण आहे. ज्या मुलाला घरच्या कष्टांची जाणीव तीव्र असते, त्याच्या बाबतीत हा अपराधभाव सद्गुणाचे रूप घेऊन येतो. सराव परीक्षेतील घसरलेले गुण त्याला घरच्यांशी केलेली प्रतारणा वाटतात आणि अखेर आपण कुटुंबावर ओझे आहोत, हा आजाराने निर्माण केलेला समज त्याला सत्य वाटू लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी आत्मघाताच्या विचारांत विचारक्षेत्र आकुंचित होते, असे प्रतिपादन केले. म्हणजे वेदना असह्य झालेल्या व्यक्तीला प्रत्यक्षात उपलब्ध असलेले अन्य मार्ग दिसेनासे होतात. तिला बहुधा मरण नको असते, वेदनेचा अंत हवा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी 1,764, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातील होत्या. यांतील कोणत्याही मृत्यूला एकच कारण चिकटवणे अशास्त्रीय ठरेल, कारण आजार, कौटुंबिक कलह, अपयश, छळ व एकाकीपणा असे अनेक घटक एकत्र येतात. पण म्हणूनच ही साखळी एकापेक्षा अधिक ठिकाणी तोडताही येते.

मित्रांपासून तुटणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा किंवा ‘मी नसलो तर बरे’ असे उद्गार ही इशाऱ्याची चिन्हे आहेत. अशा वेळी आत्महत्येचे विचार येतात का, असे शांतपणे व थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज चुकीचा असून, उलट बोलायची वाट मोकळी होते. मुलाला एकटे न सोडणे आणि शेतीची विषारी औषधे व इतर धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवणे यांमुळे जीव वाचतात, कारण टोकाची तीव्र इच्छा अनेकदा अल्पकाळ टिकते आणि तेवढा काळ निभावला की उपचारांना वाव मिळतो.

कायद्याची दृष्टीही आता बदलली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे, आणि हे निर्देश शिकवणी वर्ग व वसतिगृहांनाही लागू आहेत. छत्रपती संभाजीनगरमधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे शहरात सर्वांच्या परिचयाची घाटी, येथे मनोविकारांवर उपचार होतात. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

तथापि या सोयींपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला आधी आपले दुःख उच्चारता आले पाहिजे, आणि तेवढा विश्वास त्याला देणे ही मोठ्यांची जबाबदारी आहे. म्हणून प्रत्येक पालकाने निकालाची वाट न पाहता, आजच्या फोनवरच, मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे की घरच्यांनी कष्ट उपसले ते त्याच्यासाठी, त्याच्या गुणांसाठी नव्हे, आणि परीक्षा हुकली तरी घराचे दार त्याला उघडेच आहे.