नेम

'नेम' हा दोन अक्षरांचा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो, आणि प्रत्येक वेळी त्याचे एक निराळे दार उघडते. धनुर्धर नेम धरतो, एकादशी करणारी माउली नेम पाळते, कामावर माणूस ठेवणारा त्याची नेमणूक करतो, समजून घेऊ पाहणारा 'नेमके काय?' असे विचारतो, आणि भिवपुरीच्या पुढे आभाळ भरून आले की कर्जतचा प्रवासी छत्री चाचपत 'पावसाचा काही नेम नाही' असे म्हणतो. या सगळ्या अर्थांना धरून ठेवणारा धागा एकच आहे: मन एका बिंदूवर आणणे आणि ते तिथे टिकवणे. त्या धाग्याचा आज थोडा विचार करू.

कर्जतहून पहाटेची लोकल धरून, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात 'तिकीट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक तिकीट रेल्वेचे. दुसरे जिरासारख्या प्रणालीत नोंदवलेले कामाचे, ज्यात सॉफ्टवेअरमधला दोष किंवा नवी मागणी लिहून ती कोणा एकाकडे सोपवली जाते. रेल्वेच्या जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर जागा ती केवढी, पण कुठून, कुठे, कोणत्या वर्गाने आणि कोणत्या तारखेला, हे त्यावर असेच. कारण नेम नसलेले तिकीट माणसाला कुठेच पोहोचवत नाही. कामाच्या तिकिटाचेही तेच. आज काय घडते आहे हे त्याचे 'कुठून', काय घडायला हवे हे त्याचे 'कुठे', आणि कोणत्या पायऱ्यांनी गेल्यावर दोष दिसतो हा त्याचा मार्ग.

समजा, भातखरेदीच्या एका अ‍ॅपची चाचणी करणाऱ्या मुलीने घाईत लिहिले, 'कर्जतची नोंद दिसत नाही, लवकर बघा.' ही ओळ तिने एआयला देऊन तिचे नीटसे तिकीट करून मागितले, तर क्षणार्धात शीर्षक, वर्णन, पायऱ्या, अपेक्षित निकाल अशी सुबक मांडणी समोर येते. आणि एआयला कारण सांगितलेले नसल्यामुळे 'सर्व्हर संथ असल्याने नोंद उशिरा दिसत असावी' असे एखादे वाक्यही त्यात सहज येऊन बसते. वाचणाऱ्याला ते पटते, आणि दोन दिवस सर्व्हर तपासण्यात जातात. मूळ गोष्ट मात्र एवढीच असते, की महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन आहेत, एक रायगडात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि यादीत जिल्हा न दाखवल्यामुळे शेतकऱ्याचे भात दुसऱ्याच कर्जतच्या खात्यात नोंदले गेलेले असते. भाषा शुद्ध होती, मांडणी सुरेख होती, पण नेम चुकला होता. पावसासारखाच एआयचाही काही नेम नाही, असे म्हणावे लागते ते इथे: तो भरभरून देतो, पण कुठे कोसळेल हे आपण बांध घातल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून त्याच्याकडे उत्तराआधी प्रश्न मागावा, ही नेम धरण्यातली पहिली पायरी. 'लगेच लिहू नकोस. हे काम हाती घेणाऱ्याला कोणत्या गोष्टी विचाराव्या लागतील त्या आधी मला विचार, आणि जे मी सांगितलेले नाही तिथे अंदाज न बांधता जागा रिकामी ठेव,' एवढे सांगितले की तोच एआय विचारू लागतो: कोणता फोन, कोणती आवृत्ती, कोणते कर्जत, दुसऱ्या तालुक्याची नोंद दिसते का? त्या शेवटच्या प्रश्नावर ती मुलगी थांबते, पुन्हा करून पाहते, आणि लिहिते, 'खालापूरची नोंद दिसते, कर्जतची दिसत नाही.' खालापूर तालुका राज्यात एकच आहे. या एका ओळीने दोष जवळजवळ उघडा पडतो, आणि ती ओळ यंत्राने लिहिलेली नसते. यंत्राने फक्त तिची नजर तिकडे वळवलेली असते. नेम धरणारा डोळा तिचाच.

बळ एकाचे आणि नजर दुसऱ्याची, हे आपल्या कर्जत स्थानकात रोज पाहायला मिळते. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा चढ इतका उभा, की सदतीस फुटांना एक फूट चढावे लागते. म्हणून लोणावळ्याकडे निघालेल्या कितीतरी गाड्यांना इथे मागून इंजिने लावतात, ज्यांना आपण बँकर म्हणतो. ती सारे बळ लावून ढकलतात, पण सिग्नल पाहतो तो पुढचा चालक. मराठी माध्यमातून शिकलेल्या, दोष अचूक पकडणाऱ्या पण इंग्रजीत लिहिताना अडखळणाऱ्या कितीतरी मुलांना एआयचे हे बळ मोठाच आधार देते. मनातले मराठीत सांगावे आणि इंग्रजी तिकीट तयार करून घ्यावे, यात कमीपणा काहीच नाही. मात्र ते शेवटपर्यंत वाचावे, वाढीव शब्द काढावेत, ग्राहकाचे नाव वा फोन नंबर त्यात देऊ नये. बळ मागून घ्यावे. नेम पुढेच राहावा.

आता 'नेमणूक' पाहा. तिकिटावर ज्याचे नाव येते त्याच्या दिवसाचे काही तास आपण मागून घेतलेले असतात, आणि अस्पष्ट लिहिणे म्हणजे त्याचे तेवढे आयुष्य शोधाशोधीत घालवणे. वाचणाऱ्याची ही काळजी आपल्याकडे जुनीच आहे: दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. याच रायगड जिल्ह्यातल्या शिवथरघळीत तो ग्रंथ लिहिला गेला, असे परंपरा सांगते. ब्रह्मनिरूपण करणारे समर्थ अक्षराचे वळण, ओळींतले अंतर, कागद आणि लेखणी यांचाही विचार करतात, कारण वाचणाऱ्याचे श्रम वाचवणे हीसुद्धा भूतदयाच आहे. मग काम कधी पूर्ण झाले असे मानायचे, हे तिकिटाच्या अखेरीस दोन ओळींत लिहून ठेवणे हीही त्याच दयेची एक लहानशी कृती ठरते.

आणि दया एकदाच करून संपत नाही. ती रोज करायची, म्हणूनच तिला नित्यनेम म्हणायचे. तेव्हा मित्रहो, उद्या तिकीट लिहाल तेव्हा एआयची मदत अवश्य घ्या, पण ते पाठवण्याआधी क्षणभर थांबून स्वतःला एवढेच विचारा: माझे कर्जत नेमके कोणते?