शिर्डीच्या अलीकडचे स्टेशन

अहिल्यानगर जिल्ह्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावर, पुणतांबा नावाचे जंक्शन आहे. हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. पुढे पुणतांब्यापासून शिर्डीकडे सुमारे १७ किलोमीटरचा फाटा काढला गेला, २००९ मध्ये साईनगर शिर्डी स्टेशन सुरू झाले आणि एका आडगावच्या स्टेशनाला जंक्शनचा मान मिळाला. मान मिळाला खरा, पण त्याबरोबर या जागेचे कामही ठरून गेले. लोकांना दुसरीकडे पोचवायचे, एवढेच. गाडी थांबली की खिडकीतून कोणीतरी पिवळ्या पाटीवरचे नाव वाचतो आणि लगेच शेजारच्याला विचारतो, "शिर्डी किती राहिली?" त्याच पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते, पण ती वाचून कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. जिथे आपल्याला जायचे नाही, जिथून फक्त पुढे जायचे आहे, अशा जागेचे आपण काही देणे लागतो का? प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो, पण तो धर्माचा आहे. वाटेतल्या प्रत्येक जागेला आणि माणसाला निव्वळ साधन मानायची सवय जडलेला यात्रेकरू मुक्कामी पोचला की देवालाही साधनच मानतो. ही सवय गाभाऱ्याबाहेर चपला काढाव्यात तशी काढून ठेवता येत नाही.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो शिर्डीच्याच पोथीत आहे. साईसच्चरिताचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, १९१० साली पहिल्यांदा शिर्डीला गेले. जाण्याआधी त्यांचे मन मागे सरले होते. लोणावळ्याच्या एका स्नेह्याचा मुलगा, गुरू उशाशी बसलेला असतानाही, दगावला. गुरूचा उपयोग काय, असे वाटून पंतांनी बेत रद्द केला. पुढचे पोथी सांगते ते असे. प्रांत अधिकारी नानासाहेब चांदोरकर फिरतीवर वसईला निघाले होते. ठाण्याहून ते दादरला आले आणि वसईच्या गाडीची वाट पाहत थांबले. तेवढ्यात वांद्र्याची लोकल आली. नानासाहेब तिच्यात चढले, वांद्र्याला गेले, पंतांना बोलावून घेतले आणि शिर्डीला जाण्यात चालढकल केल्याबद्दल त्यांना चांगले खडसावले. पंत त्याच रात्री निघाले. दादरला उतरून मनमाडची मेल पकडायची, असा त्यांचा बेत होता. गाडी सुटता सुटता डब्यात एक अनोळखी मुसलमान गृहस्थ आले. सामान पाहून त्यांनी कुठे निघालात म्हणून चौकशी केली आणि सांगितले की मेल दादरला थांबत नाही, थेट बोरीबंदरला जा. हे कळले नसते तर ठरल्या वेळी शिर्डीला पोचणे झाले नसते आणि मनात पुन्हा नाना शंका उठल्या असत्या, असे पंत लिहितात. लाखो लोक ज्या पोथीची पारायणे करतात तिची सुरुवात अशी दादरच्या गाडीबदलात झालेली आहे. एकदा तिथल्या खोळंब्यामुळे आणि एकदा तिथे न उतरल्यामुळे.

यावर बुद्धिवादी म्हणेल की यात कृपा कसली? मेल कुठे थांबते हे रोज जा-ये करणाऱ्या कोणालाही ठाऊक असणार. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याने काही बिघडत नाही. त्या गृहस्थाला कोणी धाडले होते की तो आपला आपण आला होता, याचा निवाडा कोणत्याही वेळापत्रकावरून होणार नाही. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. पंतांनी हा प्रसंग पोथीत घेतला. गाडीतला सल्ला आणि साईबाबांचे दर्शन त्यांनी एकाच कथेत ओवले. दर्शन तेवढे पवित्र आणि गाडी चुकण्याची धास्ती म्हणजे रेल्वेची कटकट, अशी वाटणी त्यांनी केली नाही. त्या माणसाचे नाव पोथीत नाही, तरी त्याचा धर्म आणि त्याची चौकशी लक्षात ठेवण्याइतके महत्त्व पंतांनी त्याला दिले.

याहून टोकदार आक्षेप वेगळा आहे. कोणी म्हणेल, या गोष्टीत दादर आणि तो गृहस्थ हेही शिर्डीला पोचवणारी साधनेच ठरली, मग तुमचे म्हणणे टिकले कुठे? इथे चांदोरकरांकडे पाहावे. त्यांना वसईला जायचे होते. दादरच्या त्या मोकळ्या वेळाचा त्यांच्या वसईच्या कामाला काडीचा उपयोग नव्हता. तो वेळ मोजत बसण्याऐवजी त्यांनी आपला हेतू थोडा वेळ बाजूला ठेवला आणि दुसऱ्याच्या कामासाठी मधल्याच स्टेशनाची गाडी पकडली. आपल्या ठरलेल्या हेतूनेच समोरच्या जागेची किंमत लावायची, याला मी साधन मानणे म्हणतो. ती जागा आपला हेतू बदलू शकते एवढी मुभा तिला ठेवली की ती निव्वळ साधन राहत नाही. बाबांच्या बाबतीत पोथी एक मजेची गोष्ट नोंदवते. ते निमगाव आणि राहाता यांच्या पलीकडे गेले नाहीत, आगगाडीत कधी बसले नाहीत, तरी गाड्यांच्या वेळा त्यांना अचूक ठाऊक असत. ज्याला कुठेच जायचे नव्हते त्याला इतरांच्या गाड्यांची काळजी होती.

आता पुणतांबा. साईभक्तांच्या गाड्या जिथून वळतात त्या गावात गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या बाईंनी बांधलेली बरीचशी कामे, घाट, विहिरी, धर्मशाळा, ही वाटसरूंसाठीच होती, हे जाता जाता ध्यानात घ्यावे. आणि चांगदेवांची कथा तर या प्रश्नाचीच कथा आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी, मनात कुतूहल आणि अहंता दोन्ही. ज्ञानेश्वरांना वडील म्हणावे की धाकटे हे ठरेना, म्हणून त्याने कोरेच पत्र धाडले. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा टोला मुक्ताबाईंनी हाणला आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. मग चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन, शिष्यांच्या लवाजम्यासह निघाले. त्या काळी याहून जलद आणि दिमाखदार वाहन नसावे. मुक्काम निश्चित, हेतू निश्चित. समोरून ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे बसलेली भिंत चालत आली आणि हेतू तिथेच संपला. पुढे त्यांनी मुक्ताबाईंना गुरू केले, ज्यांना तपासायला निघाले होते त्यांच्या धाकट्या बहिणीला. हीच गोष्ट नेवाशाची. पैठणला शुद्धिपत्राचा प्रश्न घेऊन गेलेली भावंडे आळंदीकडे परतत होती. नेवासे हे निघण्याचे ठिकाण नव्हते आणि पोचण्याचेही नव्हते. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या मधल्या मुक्कामी. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो आजही तिथे दाखवतात. मराठी धर्मविचाराचा पायाच वाटेत घातला गेला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

अद्वैताचा अभ्यासक इथे अडवील. चांगदेव पासष्टीचे सारच असे की पाहणारा आणि पाहिले जाणारे यांत मुळात अंतर नाही, जे भेटायचे ते दूर कुठे नाहीच. मग पुणतांबा काय, शिर्डी काय आणि याच मार्गावरचे चितळी-कोपरगाव काय, सगळे सारखेच. उतरायचे तरी कशाला? पण 'सगळे सारखे' या विधानाचे दोन अर्थ होतात. सगळ्या जागा सारख्याच रिकाम्या, हा एक. सगळ्या सारख्याच भरलेल्या, हा दुसरा. पहिला अर्थ घेतला तर शिर्डीलाही जाण्याचे कारण उरत नाही आणि चार तास रांगेत उभा असलेला कोणीही भाविक तो मनापासून मानत नाही. दुसरा घेतला तर शिर्डीला जाणे चुकत नाही, पण तिच्या अलीकडची जागा रिकामी समजणे चुकते. अद्वैताचा आधार घेऊन वाटेकडे दुर्लक्ष करणारा माणूस अर्धेच अद्वैत मानतो, ते अर्धे त्याच्या सोयीचे असते, इतकेच.

एका आक्षेपापुढे मात्र नम्रपणे थांबले पाहिजे. शनिवार-रविवारची रजा, सोबत म्हातारे आईवडील, परतीचे आरक्षण. अशा माणसाला वाटेत उतरून गाव पाहा म्हणणे हा रिकामटेकड्यांचा उपदेश होईल. २०१७ साली काकडीचा विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत धावू लागली. या सोयींनी ज्यांना दर्शन घडले त्यांत पूर्वी कधीच जाऊ न शकलेले कितीतरी लोक आहेत. वेगाला नावे ठेवणे हा माझा हेतू नाही. पायी चालणाराही 'आज किती उरकले' एवढेच मोजत असेल तर तो वाघावरच बसलेला आहे. मागणी वेळेची नाही, मान्यतेची आहे. गाडी दोनच मिनिटे थांबली तरी हे कोणाचे तरी गाव आहे, इथे कोणाची तरी समाधी आहे, एवढे जाणायला दोन मिनिटे पुरतात. आणि गाडी बदलताना दोन तास हाताशी आलेच, तर ते 'वाया गेले' असे म्हणण्यापूर्वी दादरच्या चांदोरकरांची आठवण व्हावी. हेच वळण लागले तर शिर्डीच्या रांगेतही फरक पडेल. तिथे सशुल्क दर्शनाची सोय आहे, तिचा बचाव किंवा निषेध इथे करायचा नाही. पण पुढे उभा असलेला माणूस म्हणजे अडथळा आणि मूर्ती म्हणजे नोकरी-लग्न-निकाल यांची खिडकी, ही दृष्टी काही रांगेत उगवत नाही, ती आधीच्या प्रवासात तयार होऊन येते.

राहता राहिली एक शंका, आणि ती पुणतांबेकरांच्याच बाजूची आहे. यात्रेकरू उतरू लागले तर समाधी हा दर्शनाच्या यादीतला आणखी एक 'पॉइंट' होईल, लॉज उभे राहतील, घाटावर प्लास्टिक साचेल. हे खरे आहे. म्हणूनच आसपासचा परिसर पाहणे म्हणजे केवळ देवळे मोजणे नव्हे. वाटेतली जागा स्वतःचे आयुष्य जगत असते. याच मार्गावर दशकानुदशके ज्या स्टेशनाच्या पाटीवर बेलापूर हे नाव राहिले, तिथे उतरल्यावर गाव लागते श्रीरामपूर. मूळ बेलापूर लांब प्रवरेकाठी राहिले आणि स्टेशनाभोवती दुसरेच शहर वाढले. पुणतांब्याचे नाव राज्यभर गाजले तेही शिर्डीमुळे नव्हे आणि चांगदेवांमुळेही नव्हे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजी अडली, कर्जमाफीची आणि शेतमालाच्या भावाची मागणी घेऊन माणसे रस्त्यावर आली. त्या दिवसांत बातम्या पाहणाऱ्यांना पुणतांबा कुठे आहे हे नकाशावर शोधावे लागले, आणि त्यांतले कितीतरी जण आधी शिर्डीला जाऊन आलेले असणार. ज्या गावातून आपण देवाकडे जातो तिथल्या कांद्याला आणि दुधाला काय भाव मिळतो, हा प्रश्न भक्तीच्या बाहेरचा आहे असे ज्याला वाटते, त्याने निदान बाबा स्वतः रोज कोणाच्या दारी भिक्षा मागत होते ते पोथीत पुन्हा वाचावे. ती दारे बहुतेक शिर्डीतल्या शेतकऱ्यांचीच होती.