राजशेखर आणि काव्यातले असत्य

काव्यात खोटे असते, म्हणून ते शिकवू नये, असा आक्षेप राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात स्वच्छ शब्दांत नोंदवलेला आहे. राजशेखर इ.स. 900 च्या सुमाराचा, कनौजच्या प्रतिहार राजा महेंद्रपालाचा गुरू; आपल्या पणजोबांना, अकालजलदांना, तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. अठरा अधिकरणांच्या नियोजित ग्रंथापैकी आज पहिले 'कविरहस्य' तेवढे हाती आहे. ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1916 साली प्रथम छापले गेले.

आक्षेपावर त्याचे पहिले उत्तर वकिली आहे. स्तुतीसाठी वाढवून सांगणे वेदातही आहे, शास्त्रातही आहे आणि लोकव्यवहारातही. मग एकट्या कवीलाच दोष का? यात प्रश्न सुटत नाही, वाटेकरी तेवढे वाढतात.

खरा विचार नवव्या अध्यायात आहे. काव्यशास्त्रकार उद्भटाच्या अनुयायांनी शास्त्राचा अर्थ विचाराच्या कसोटीवर टिकणारा आणि काव्याचा अर्थ विचार न करता रमवणारा, अशी वाटणी केली होती. राजशेखराला ती मान्य नाही. आकाश निळे दिसते, नदीचे पाणी निळे दिसते. हे त्यांचे मूळ रूप नव्हे, तो भास आहे. सूर्यचंद्रांची बिंबे डोळ्यांना बारा बोटांएवढी वाटतात, पुराणे मात्र ती पृथ्वीएवढी सांगतात. वस्तू जशी दिसते तशी मांडणे काव्याला आवश्यक असते आणि शास्त्रालाही ते टळत नाही. म्हणजे कवी खोटे बोलत नाही. तो दिसण्याबद्दल बोलतो.

मग दिसणे कशावर ठरते? इथे राजशेखर इतरांची मते पुढे करतो. पाल्यकीर्ती नावाचा आचार्य म्हणतो, वस्तूचे रूप कसेही असो, रस बोलणाऱ्याच्या स्वभावातून येतो. अनुरक्त ज्याची स्तुती करतो त्याचीच विरक्त निंदा करतो, आणि मध्यस्थाला त्याचे काहीच वाटत नाही. प्रिया जवळ असली की चंद्र शीतल, विरहात तोच उल्केसारखा पोळणारा. आणि ज्याला प्रियाही नाही, विरहही नाही, त्याला तो आरशासारखा दिसतो, ना थंड ना गरम. हा तिसरा माणूस फार मोलाचा आहे. वस्तू तटस्थपणे पाहणारा तोच, पण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही.

राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी याहून पुढे जाते. तिच्या मते वस्तूला ठाम स्वभावच नाही; चतुर उक्ती देईल ते तिचे रूप. स्तुती करायची तर चंद्र अमृतकिरणांचा, निंदा करायची तर दोषांची खाण. पाल्यकीर्ती वस्तूचे काहीतरी रूप शिल्लक ठेवतो, अवंतिसुंदरी तेही ठेवत नाही. दोन्ही मते एकत्र नांदणे कठीण. तरी राजशेखर दोन्ही योग्य म्हणून मोकळा होतो. ग्रंथातली ही सर्वांत निराश करणारी जागा.

माणसाच्या स्वभावाचा हा हिशेब तो रसिकांनाही लावतो. चौथ्या अध्यायात त्यांचे चार प्रकार आहेत: ज्याला काहीच रुचत नाही तो, गवतासकट सगळे खाणारा, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी. मत्सऱ्याला काव्यातले मर्म कळलेले असते. पण दुसऱ्याच्या गुणांबद्दल तो तोंड उघडत नाही, त्यामुळे ते कळणे न कळण्यासारखेच. चौथा, श्रम आणि सार दोन्ही ओळखणारा, हजारांत एखादा भेटला तर भेटतो.