धूर कुणाच्या नावावर?

पुण्या-मुंबईत इलेक्ट्रिक बाइक चालवणाऱ्याला आपल्या गाडीची वीज कुठून येते हे सहज विसरता येते. चंद्रपूरकराला ते जमत नाही. शहरातून ताडोब्याच्या मोहर्लीकडे निघाले की दुर्गापूर, ऊर्जानगर लागते आणि महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या समोर येतात. २,९२० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांत सर्वांत मोठे आहे. दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणी त्याच्या शेजारी, आणि त्याला लागणारे पाणी इरई धरणातून येते. तयार झालेली वीज तारांवरून राज्यभर जाते. राख मात्र इथेच राहते.

म्हणून या जिल्ह्यात एक जुना प्रश्न नव्याने विचारावा लागतो. गाडीच्या नळीतला धूर बंद झाला आणि त्याऐवजी चिमणीतून निघू लागला, तर गाडी चालवणाऱ्याच्या हातून होणारी हिंसा कमी झाली, की नुसती नजरेआड गेली? अर्धे उत्तर आकडेमोडीतून मिळते. उरलेले धर्मविचाराकडे मागावे लागते.

आधी आकडे. साध्या ई-सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची, म्हणजे एका चार्जिंगला ०.३६ युनिट. पायडल मारत गेले तर त्यावर तीसेक किलोमीटर होतात. तारांमधली आणि चार्जरमधली गळती धरली तर केंद्रावर साधारण ०.४५ युनिट वीज तयार व्हावी लागते. त्यासाठी पाव किलोहून थोडा अधिक कोळसा जळतो, दीडेक लिटर पाणी लागते, शंभर ग्रॅमच्या घरात राख उरते आणि चारशे-साडेचारशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची मोटारसायकल अर्ध्या लिटरहून अधिक इंधन घेते आणि १,४०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. सगळी वीज कोळशाचीच धरली, तरी ई-सायकल स्पष्टपणे उजवी ठरते. जड आणि वेगवान ई-स्कूटरच्या बाबतीत हा फरक बराच आकसतो. साध्या सायकलपुढे मात्र दोन्ही हरतात.

आकड्यांनी एवढे सांगितले की एकूण हानी घटते. ती कुणाच्या वाट्याला येते, हे त्यांनी सांगितले नाही. पुण्यातल्या चौकातली हवा सुधारते, त्या सुधारणेचा एक हिस्सा दुर्गापूरच्या घरांवर बसणाऱ्या राखेतून चुकता होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचे नाव त्यात वरच्या क्रमांकांत होते.

इथे भारतीय नीतिविचारातला एक जुना भेद उपयोगी पडतो. योगशास्त्र आणि जैन आचारविचार हिंसेचे तीन प्रकार मानतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली असताना मान्य केलेली. कृत, कारित आणि अनुमोदित. तिन्हींचेही दायित्व कर्त्याकडे येते. पेट्रोलची गाडी चालवणारा धूर स्वतः करतो, इलेक्ट्रिक गाडीवाला तो करवून घेतो. कृत हिंसा कारित झाली, एवढ्याने खाते कोरे होत नाही. याच जिल्ह्यातल्या भद्रावतीत पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन तीर्थ आहे, आणि त्याच तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. कारित हिंसेचा विचार करायला याहून योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही.

कुणी म्हणेल, इतका काटेकोर हिशेब लावला तर माणसाला श्वासही घेता येणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि जैन विचारकांनी तो केव्हाच ओळखला होता. म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. जगताना हानी होणारच, दोष लागतो तो निष्काळजीपणाचा. बौद्ध विचार याच्या जवळच उभा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी हजारोंनी स्वीकारलेल्या पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, शोधले जाते. मग ज्याला राख कुणावर पडते हे माहीतच नाही, तो निर्दोष ठरतो का? माहिती नसेपर्यंत कदाचित ठरेल. कळल्यावर मान फिरवणे हाही एक हेतूच असतो.

या कसोटीवर पहिला प्रश्न असा निघतो: ही गाडी कशाच्या जागी आली? मोटारसायकल विकून कुणी ई-सायकल घेतली तर हानी घटली. चालत जाणाऱ्या आशाताईला पाड्यापाड्यांवर पोचायला ती मिळाली, तर हानी किंचित वाढली, पण तिच्या पायांचे श्रम वाचले आणि एखादी बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचली. ही वाढ समर्थनीय आहे. मानव विकास कार्यक्रमात शाळकरी मुलींना मिळालेल्या साध्या सायकलींनी दूरच्या शाळेची वाट सोपी केली. जिथे अंतर त्याहून लांब आणि चढाचे आहे तिथे मोटरची मदत हा चैनीचा प्रश्न राहत नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या गाड्यांना परवाना व नोंदणी लागत नाही, हीदेखील खेड्यातल्या माणसाच्या सोयीची गोष्ट. पण धडधाकट माणसाने चार गल्ल्यांवरच्या दुकानात जायला सायकल सोडून ई-बाइक काढली, तर त्या पाव किलो कोळशाचा काही भाग विनाकारण जळाला. आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये भारत जोडो अभियान कन्याकुमारीहून काढले, तेव्हा त्यांच्याबरोबरचे तरुण काश्मीरच्या दिशेने पायडल मारत गेले. शरीरश्रमाला प्रतिष्ठा देणारी ही परंपरा वरोऱ्याची, म्हणजे याच जिल्ह्याची आहे. ज्याला झेपते त्याने पायाने जावे, हा तिचा आग्रह ई-बाइकच्या काळातही कालबाह्य होत नाही.

जंगलातले तोटे आणखी वेगळे. इलेक्ट्रिक गाडीचा आवाज जवळजवळ नसतो. वन्यप्राण्यांना गोंगाटाचा त्रास होत नाही, हा फायदाच. पण चंद्रपूरच्या रस्त्यांवर हीच शांतता माणसाच्या जिवावर बेतू शकते. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याला पहाटे निघणारी माणसे बोलत, खाकरत, आवाज करत चालतात ती उगीच नाही. वाघाला आपली चाहूल आधी लागावी आणि त्याने बाजूला व्हावे, हा त्यामागचा समजुतीचा भाग. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारातच वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला. वळणावर अचानक समोर आलेली मुकी गाडी वाघालाही दचकवते आणि रानडुकरालाही. म्हणून वळणावर घंटी वाजवणे, अंधार पडल्यावर रानवाटेला न जाणे हेही अहिंसेच्या आचारातच मोडते, कारण हल्ला झाला की माणूसही मरतो आणि पुढे वाघालाही जेरबंद व्हावे लागते.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर जातो. लिथियम-आयन बॅटरी अशा उन्हात लवकर म्हातारी होते, ४५ अंशांपुढे ती चार्ज करणे टाळावे लागते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला दुसरी अडचण. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, वीजही जाते आणि चार्जिंग थांबते. तिथे छतावरचा सौर संच असेल तरच या गाडीला अर्थ आहे. तसा संच असला, तर कोळशाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

धूर मिटला तरी धातू उरतात. सांगाडा, चाके, मोटर, बॅटरी हे सगळे कुठल्या तरी डोंगरातून येते. गडचिरोलीतल्याच एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २०१६ मध्ये तिथल्या उत्खननाची वाहने माओवाद्यांनी मोठ्या संख्येने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा वेगात सुरू झाले. काहींना त्यात रोजगार मिळाला, काहींचा देव आणि जंगल धोक्यात आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माडियांच्या जगण्यात या पेचाला भिडणारा एक आचार आहे: पंडुम, म्हणजे नव्या हंगामाचा सण, झाल्याशिवाय नवे फळ, नवे धान्य तोंडात घालायचे नाही. घेण्याआधी विचारायचे, थांबायचे, गावाने एकत्र येऊन घ्यायचे. जंगलावर जगणाऱ्या समाजाने उपभोगाला स्वतःहून घातलेली ही मर्यादा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या जगात असे थांबणे अजून कुठेच नाही.

विचारून घेणे अशक्य नाही, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने दाखवले आहे. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत. सगळ्यांची संमती होईपर्यंत ग्रामसभा बसते, एकाचीही हरकत असली तर चर्चा पुढे चालू राहते. ज्याच्यावर भार पडणार त्याला आधी विचारायचे, हे तत्त्व खाणीला आणि वीज केंद्राला लावले तर ‘हरित वाहन’ या शब्दाला वजन येईल.

तोवर इलेक्ट्रिक बाइक घेणाऱ्याने ती जरूर घ्यावी. पेट्रोलच्या जागी घेत असेल तर तिची बाजू भक्कम आहे. पण तिच्यासोबत काही देणी येतात. जमेल तिथे दिवसा, सौर विजेवर चार्ज करायची. गरजेपेक्षा जड गाडी घ्यायची नाही. बॅटरी निकामी झाली की भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत करायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, ग्राहकाने तिचा आग्रह धरायला हवा. आणि पुण्या-मुंबईतल्या चालकाने आणखी एक करायचे. चंद्रपूरकर राखेच्या विल्हेवाटीची, इरईच्या पाण्याची, चिमण्यांवर बसवायच्या शुद्धीकरण यंत्रणेची मागणी करतात तेव्हा ती दूरच्या जिल्ह्याची तक्रार समजायची नाही. त्या यंत्रणेमुळे विजेचे बिल थोडे वाढणार असेल, तर ती वाढ त्याने स्वतःच्या प्रवासखर्चात धरावी.