मिनेसोटातली आगोट

आमच्या लहानपणी कोकणात मे महिना संपत आला की घरात एकच शब्द ऐकू यायचा : आगोट. नळे परतायचे, लाकडे पडवीत रचायची, आमसुले, पापड, सुके मासे डब्यांत बंद करायचे आणि किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून झापांखाली झाकायच्या. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राने काय वाटेल ते करावे, आमची हरकत नसे. पुढे पस्तीस वर्षे मी बँकेत काढली. तिथेही आगोट असे. फक्त ती 31 मार्चला येई आणि तिला क्लोजिंग म्हणत.

ही दोन्ही प्रकरणे आपल्यापुरती संपली अशा समजुतीत मी होतो. पण ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मुलाने मला गॅरेजमध्ये बोलावले आणि म्हणाला, "बाबा, आज मोटरचं विंटरायझिंग करायचंय."

आमचे चिरंजीव मिनेसोटात असतात. हे राज्य म्हणजे तळ्यांची चाळण आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. प्रत्यक्षात दहा एकर आणि त्याहून मोठी तळीच 11,842 भरतात. जाहिरातीत आकडा कमी करून सांगणारे सरकार मी आयुष्यात हे एकच पाहिले. अशा ठिकाणी राहून बोट नसणे म्हणजे पुण्यात राहून मत नसण्यासारखे आहे. तेव्हा मुलाने या वसंतात एक ॲल्युमिनियमची बोट घेतली आणि तिच्या पाठीवर बाहेरून अडकवायचे वीस हॉर्सपॉवरचे कोरे इंजिन.

अशा इंजिनांचा धंदा अमेरिकेत रुजवला तो ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या गृहस्थाने, 1909 साली, शेजारच्याच विस्कॉन्सिनमध्ये. गोष्ट अशी सांगतात, की वाग्दत्त वधूला आइस्क्रीम हवे झाले म्हणून हा भर उन्हात वल्ही मारत तळ्यापलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले. दुसरा एखादा असता तर त्याने लग्नाचा फेरविचार केला असता. याने इंजिन केले. त्याच्या नावाची इंजिने निघायची 2020 साली बंद झाली, पण त्याची जात टिकून आहे. गंमत बघा, बर्फाचे पाणी झाले म्हणून जे यंत्र जन्माला आले, त्यालाच आता पाण्याचा बर्फ होईल म्हणून जपायचे!

कारण इथला हिवाळा. पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि माणसे गोठलेल्या तळ्यावर ट्रक घेऊन जातात, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. पाणी गोठले की नऊ टक्के फुगते. इंजिनाच्या पोटात वाटीभर पाणी राहून गेले तर ते फुगायला जागा मागते, आणि नाही मिळाली तर लोखंड असो की ॲल्युमिनियम, तडकवून जागा करून घेते. आमच्या चाळीत एक पोटभाडेकरू असाच होता.

मुलाने कामाला सुरुवात केली. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते आणि पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिले की नासते. म्हणून टाकीत आधी एक औषध घालायचे आणि इंजिन दहापंधरा मिनिटे चालवून ते नसानसांत पोचवायचे. इंजिन जमिनीवर चालवायचे तर त्याला थंड ठेवायला पाणी हवे. त्यासाठी नळीला जोडलेल्या दोन रबरी वाट्या त्याच्या खालच्या अंगाला दोन्हीकडून लावतात. इथे त्यांना इअरमफ म्हणतात, म्हणजे आपली कानटोपीच. थंडीआधी कानटोपी, हे मला एकदम पटले. मग इंजिनातले तेल बदलायचे, बॅटरी काढून घरात आणायची आणि इंजिन उभेच ठेवायचे, म्हणजे उरलेसुरले पाणी आपोआप निथळते. नातीने तर दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू वाहून झेंडूही ठेवला होता. शेजारचा गोरा म्हातारा तो बघून गेला आणि हा कुठल्या प्रकारचा गंजरोधक, असे विचारून गेला.

एवढे झाल्यावर मुलगा हात पुसत म्हणाला, "खालच्या गिअरचं तेल या वर्षी राहू दे. पुस्तकात वीस तासांनी बदला म्हटलंय. आपले जेमतेम तेरा झालेत. नवीनच आहे की!"

आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

आता वाचकांपासून काय लपवायचे? चार जुलैच्या दुपारी आम्ही सगळे तळ्यावर होतो. ही डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती, सून तिला धरून बसली होती, मुलगा पुढे नात काय दाखवते ते बघत होता. मी मागे बसून गळ टाकला होता. मध्येच मुलाने इंजिन सुरू केले, मला तंगूस गुंडाळायला उशीर झाला, एक हिसका बसला आणि पिवळ्या तंगुसाचे दहाबारा हात पंख्याच्या दिशेने दिसेनासे झाले. इंजिन चालूच राहिले. कुणी काही विचारले नाही. मीही काही बोललो नाही.

बँकेत ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. मी तेच केले. तंगूस पंख्यात गेले असे मी कुठे पाहिले? बाहेरच तुटून तळाशी गेले असेल. शिवाय पंख्यात गेलेच असेल तर इंजिन अडले का नाही? जे नुकसान दिसत नाही, ते झाले असे म्हणायचे कशावरून? असे प्रश्न तत्त्वज्ञानाचे लोक जन्मभर सोडवत बसतात. मी ते एका दुपारीत, मासा न पकडता, माझ्या सोयीने सोडवले. धर्मराजाने हत्तीच्या बाबतीत निदान अर्धे खरे सांगितले होते. मी त्या अर्ध्याच्याही खाली गेलो. मुलाच्या घरी पाहुणा म्हणून राहणाऱ्या बापाला आपण अजून कशाचीही नासाडी न करता वावरू शकतो हे दाखवायचे असते, हे त्यातले खरे कारण. पण ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितले नव्हते.

हिला मात्र सांगितले होते. ती म्हणाली, "अहो, सांगून टाका की. तो काय खाणार आहे तुम्हाला?" मी म्हटले, योग्य वेळ आली की सांगीन. योग्य वेळ ही गोष्ट लोकलसारखी असते. आपल्याला हवी ती नेहमी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर येते.

तर आता गॅरेजमध्ये उभे राहून मी काय केले? कबुली दिली? छे! मी घसा खाकरून म्हणालो, "नवीन असलं म्हणून काय झालं? नव्या वस्तूलाच आधी जपावं. आमच्या वेळी आगोटीत नवं घर, जुनं घर असा भेद नसे."

मुलगा हसला, पण त्याने पाना उचलला. गिअरचे तेल काढायला आधी खालचा स्क्रू काढतात, मग वरचा. खालचा निघाला आणि पहिल्यांदा आले ते चक्क पाणी. मग आले तेल, पण कसे? बँकेच्या कँटीनमधल्या चहाच्या रंगाचे. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलेले.

मुलगा खालीच बसला. "बाबा, तुम्ही आग्रह केला नसता तर जानेवारीत हे सगळं फुटलं असतं! याला म्हणतात अनुभव." आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "आई, बाबांनी मोटर वाचवली!"

ही चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे जे पाहिले ते लिहिण्यासारखे नाही.

मग त्याने पंखा काढला. दांड्याभोवती पिवळे तंगूस घट्ट आवळून बसले होते, इतके की ते रबरी सील कापून आत गेले होते. "बघा," मुलगा म्हणाला, "लोक तळ्यात काय वाटेल ते टाकतात. बेजबाबदार साले!"

सुटकेचा एवढा मोठा दरवाजा माझ्यासाठी आयुष्यात कुणी उघडला नव्हता. नुसते 'हो ना' म्हटले की पलीकडे. मी तोंड उघडलेही. पण मुलगा उकिडवा बसून ब्लेडने एकेक वेढा कापत होता आणि त्याचे बोट कापले होते.

"ते माझं आहे," मी म्हणालो. "चार जुलैचं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तीन महिने तुम्हाला माहीत होतं?"

मोटरचे काय, असे त्याने विचारले नाही. हिशेब महिन्यांचाच केला. त्याला उत्तर नव्हते. मी बोटाला लावायची पट्टी आणायला आत गेलो आणि पट्टी सापडत असूनही बराच वेळ शोधत राहिलो.

परत आलो तर तो तंगुसाचा पिवळा गुंता बाकावर ठेवून त्याच्याकडे बघत होता. "वॉरंटी आहे अजून," तो म्हणाला. "पण त्यांच्या अटीत तंगूस बसत नाही. सील आपोआप गेलं म्हटलं तर..."

"तर?"

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. तेवढ्यात नात आली. "आजोबा, तू टाकणार आहेस का हे? मला मण्यांची माळ करायला दे ना."

"नको गं," मुलगा म्हणाला, "हे दाखवायला लागणार आहे." आणि त्याने तो गुंता एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इंजिनालाच बांधला.

सोमवारी इंजिन मेकॅनिककडे गेले, आठवड्याने नवे सील घालून परत आले. बिलाचे पैसे मुलाने मला देऊ दिले नाहीत. नव्या तेलाचा वरचा स्क्रू मात्र मला लावायला दिला. तो आधी घट्ट करायचा, मगच खालून पंपाची नळी काढायची, नाहीतर तेल गळून जाते. मी तो दोनदा आवळला. दुकानातून येताना मुलाने एक नवे तंगुसाचे रीळ आणले होते. भडक नारिंगी, पाण्यात लांबूनही दिसेल असे. ते त्याने माझ्या बॅगेत न घालता गॅरेजमधल्या खिळ्याला, कानटोपीशेजारी अडकवून ठेवले आहे.