आवाजखातं

बागेत कशासाठी जावं, हे कुठल्याही बागेच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. पाटीवर असतं ते काय करू नये. फुले तोडू नयेत, हिरवळीवरून चालू नये, कुत्री आणू नयेत, झाडांवर नावे कोरू नयेत. एवढं सगळं न करता माणसाच्या हाती उरतं ते बसणं आणि बघणं. 'दुसऱ्याकडे बघू नये' अशी पाटी मात्र माझ्या पाहण्यात नाही. ती लागली तर निम्मी माणसं बघायला मिळत नाही म्हणून बागेत यायची बंद होतील आणि उरलेली निम्मी, आपल्याकडे कोणी बघत नाही म्हणून!

तेव्हा बघायला हरकत नाही, हे ठरलं. पण बघितलेलं घेऊन जायला हरकत आहे की नाही? फूल नेलं तर माळी ओरडतो. माणसाचं दिसणं नेलं तर कोणी ओरडायचं? प्रश्न तत्त्वज्ञानातला आहे आणि मी बी. कॉम. आहे. गेली वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. असले प्रश्न मी आपणहून काढत नाही. हा माझ्या अंगावर आला तो भाच्यामुळे.

आमचा भाचा सिनेमा काढतो. पूर्वी मुलं सिनेमासाठी घरातून पळून जायची. हा घरात राहून, वेळेवर जेवून काढतो. सिनेमा पाच मिनिटांचा. त्यात गोष्ट नाही, नट नाही, संवाद नाहीत, गाणी नाहीत.

"मग आहे काय?" मी विचारलं.

"बाग."

"बागेत होतं काय?"

"काहीच होत नाही, मामा. तेच तर दाखवायचंय."

याला प्रयोगशील लघुपट म्हणतात. काहीही न होता पाच मिनिटं घालवायची, यात प्रयोग कसला ते मला कळेना. आमच्या काउंटरसमोर लोक हा प्रयोग रोज करतात आणि पाच मिनिटांवर भागत नाही. पण भाच्याला एक बिनपगारी माणूस हवा होता. मी तीन दिवस रजा टाकली. त्याने माझ्या कानांना हेडफोन लावले आणि हातात खारीएवढा केसाळ मायक्रोफोन दिला. चित्र त्याच्याकडे, आवाज माझ्याकडे. घरात लगेच माझ्या कामाला 'आवाजखातं' असं नाव पडलं. "निदान बागेत तरी आवाज तुमच्या ताब्यात राहील," असं हिने त्याचं स्वागत केलं.

बाग कोणती? पुण्यात बागांना तोटा नाही. सारसबाग आहे, कमला नेहरू पार्क आहे, संभाजी उद्यान आहे, १९५६ साली जिथे फुलराणी सुरू झाली ते पेशवे उद्यान आहे. आमची बाग यांतली होती की यांतली नव्हतीच, ते मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

बाग आणि कॅमेरा यांची सोयरीक तशी जुनी. आपल्या देशातल्या माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एक मुंबईच्या बागेतच निघाला. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पण कुस्ती ही मुळात चारचौघांनी बघावी म्हणूनच लढायची असते; पैलवानाची कसली हरकत? पुढे १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' पडद्यावर दाखवली. वाटाण्यालाही कोणी विचारलं नव्हतं. परंतु वाटाण्याला घरी काही लपवायचं नसतं. भानगड सुरू होते ती माणूस आला की. अंतोनिओनीच्या १९६६ सालच्या 'ब्लो-अप'मध्ये एक छायाचित्रकार लंडनच्या बागेत एका जोडप्याचे फोटो काढतो, आणि त्यातली बाई धावत येऊन त्याच्याकडे रीळ मागते. तो देत नाही. त्या सिनेमात पुढे खुनापर्यंत मजल जाते, पण मी अडकलो तो अलीकडेच. बाग सगळ्यांची, रीळ त्याचं, चेहरा तिचा. मग फोटो कुणाच्या खात्यावर जमा करायचा?

आमचं काम सुरू झालं. हेडफोन लावल्यावर मला शोध लागला, की आपण डोळे उघडे असताना फारसं ऐकतच नाही. खराट्याचा खर्र-खर्र, झोक्याच्या कडीचं कुरकुरणं, वाळक्या पानावर खार धावल्याचा आवाज. बागेत एवढी जमा बाजू आहे याची कल्पनाच नव्हती. पहाटे हास्यक्लब येई. १९९५ साली मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाचजणांना घेऊन हे सुरू केलं. आता हसण्याचा हा सामुदायिक कार्यक्रम ज्या बागेत नाही तिला बाग म्हणायला लोक कचरतात. मी डोळे मिटून ते हसणं ऐकलं आणि दचकलो. माणसं दिसेनाशी झाली की ठरवून हसणं आणि रडणं यांत फरक कळत नाही.

हे भाच्यालाही कळलं. संध्याकाळी एक आजी बाकावर भेळ खात होत्या. मिरची लागली म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. भाच्याने सकाळचं हसू संध्याकाळच्या आजींच्या नावावर वर्ग केलं आणि बघता बघता बागेत दुःखाचा डोंगर उभा राहिला. आमच्याकडे अशी वर्गावर्गी केली तर चौकशी बसते. रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं म्हणे. एका नटाचा तोच तो चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि लोकांना तो कधी भुकेला वाटला, कधी दुःखी.

पण आजींचा प्रश्न सोपा होता. भाच्याने त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, "रडकी कशाला दाखवतोस रे मेल्या? सून म्हणेल, बाहेर जाऊन आमची बदनामी करतात. हसताना घे." घेतलं. बागेच्या रखवालदाराने "कुठल्या चॅनलवर लागणार?" एवढंच विचारून मिशीवरून हात फिरवला. विचारलं की माणसं देतात, असं आम्हाला वाटू लागलं.

आणि मग तो माणूस.

बुधवारी प्रथम दिसला. पन्नाशीच्या आसपासचा. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर ऑफिसची बॅग. अकरा वाजता येऊन सोनचाफ्याखालच्या बाकावर बसला. बरोबर एक वाजता घड्याळ पाहिलं, बॅगेतून तीन पुडांचा स्टीलचा डबा काढला, मांडीवर रुमाल पसरला आणि जेवला. दीड वाजता नळावर डबा विसळून आणला, बॅगेत ठेवला आणि ताठ बसला. बागेत दुपारी दीड वाजता माणसं आडवी होतात. ताठ होणारा मी हा एकच पाहिला. गुरुवारी तसंच. शुक्रवारी तसंच. फिरता विक्रेता असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण फिरता माणूस तीन दिवस एकाच बाकावर फिरत नाही. ऑफिस सुटलं होतं, लंच टाइम सुटलेला नव्हता. आणि घरी अजून कळलेलं नव्हतं. नाहीतर इतक्या निगुतीने भरलेला डबा घेऊन बागेत कोण येतं?

भाच्याने त्यातले आठ सेकंद टिपले होते. दोन हात, डबा, आणि उघडताना झाकणात हललेलं आभाळ.

"मामा, अख्ख्या फिल्ममध्ये हा एक शॉट खरा आहे."

खराच होता. अडचण तीच होती.

"काढ तो," मी म्हटलं.

"अरे, पण चेहरा कुठाय? नुसते हात आणि डबा."

"ज्या बाईने तो डबा भरला, ती डबा ओळखणार नाही?"

भाचा गप्प झाला, पण हल्लीची मुलं गप्प होतात ती मुद्दे गोळा करण्यासाठी. म्हणाला, बाग सार्वजनिक आहे. खांबावर कॅमेरे आहेतच, ते कुठे कुणाला विचारतात? हे खरं. पण खांबावरचा कॅमेरा सगळं बघतो आणि कशाकडेच बघत नाही. काही दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं भरतो. भाच्याने बघितलं होतं ते निवडून, जीव लावून. मायेने बघणाराच नेमकं दाखवतो, म्हणून त्याची भीती जास्त. शिवाय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, हेही त्या निकालात आलंच.

मला मात्र न्यायालयापेक्षा काउंटरच जवळचा. आमच्या धंद्यात माहीत असणं आणि सांगणं यांच्यामध्ये एक जाळी असते. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांच्या शिलका मला पाठ आहेत. मुलीच्या लग्नात चांदीची ताटं मांडणाऱ्याने ती कशावर मांडली, हे ठाऊक असून मी त्याच ताटात जेवतो आणि "वा, काय थाट!" म्हणून येतो. बँकिंगच्या परीक्षेला आम्हाला टूर्नियरचा खटला असायचा. साल १९२४, देश इंग्लंड. टूर्नियर नावाच्या फिरत्या विक्रेत्याकडे बँकेची दहा पौंडांच्या आतली बाकी होती. मॅनेजरने त्याचा पत्ता विचारायला त्याच्या कंपनीत फोन केला आणि बोलण्याच्या ओघात हा घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांशी व्यवहार करतो, हेही सांगितलं. टूर्नियरची नोकरी गेली. कोर्टाने बजावलं, की गिऱ्हाइकाची गोष्ट बँकेने बाहेर सांगायची नाही. अपवाद चार: कायद्याची सक्ती, जनतेचं हित, बँकेचं स्वतःचं हित, किंवा गिऱ्हाइकाची संमती. पाठ करताना कंटाळा आला होता. बागेत मात्र मी चारी अपवाद बोटांवर मोजून पाहिले. 'शॉट फार सुंदर आला आहे' हा त्यांत कुठेच नव्हता.

"मग संमती घेऊ. विचारू या त्यांना," भाचा म्हणाला.

इथे मात्र आजींचा दाखला चालेना. विचारायचं काय? 'काका, तीन दिवस तुम्ही इथे डबा खाताना दिसता, दाखवू का?' म्हणजे तुम्ही दिसता, हे त्याला पहिल्यांदा आपण सांगायचं. तो 'नाही' म्हणेल, आम्ही चित्र पुसू. पण कोणीतरी ओळखलं, हे कसं पुसायचं? दुसऱ्या दिवसापासून तो बाक सोडेल. नोकरी गेलेल्या माणसाचा निदान बाक तरी आपण घालवू नये. विचारणं हा सभ्यपणा खरा, पण काही वेळा न विचारता नजर दुसरीकडे वळवणं हा त्याहून मोठा सभ्यपणा असतो. गर्दीच्या देशात आपण सगळे त्याच्याच जिवावर राहतो. शेजारच्या भिंतीतून भांडण ऐकू येतं आणि सकाळी आपण जिन्यात पावसाबद्दल बोलतो.

शेवटी तोडगा निघाला तो माझ्या खात्यातून. शुक्रवारी मी लांबून त्या बाकाचा आवाज घेतला होता. कडी सुटल्याचा टक्, मग पूड उचलल्याचा स्टीलचा बारीक सूर, मग चमचा. चेहऱ्याला मालक असतो, डब्यालाही असतो. पण स्टीलच्या डब्याचा आवाज कुणा एकाचा नाही. इथून नागपूरपर्यंत तो सारखाच वाजतो. भाच्याने चित्र कायमचं पुसलं, माझ्यासमोर. त्या जागी आठ सेकंद काळा पडदा ठेवला आणि त्यावर हा आवाज.

आता चाणाक्ष वाचक म्हणेल, पडद्यावर नाही दाखवलंत, पण इथे सांगितलंतच की! म्हणूनच बागेचं नाव नाही. झाड सोनचाफ्याचं नव्हतं, वार बुधवार नव्हता आणि डब्याला पुडं तीन नव्हती. एक ते दीड ही वेळ मात्र मी बदललेली नाही. ती काही त्याच्या एकट्याची नव्हे.

लघुपट आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पंचवीसेक माणसांना दाखवला. आजी हसल्या, रखवालदाराची मिशी झळकली, खार धावली. मग अंधार झाला. "लाइट गेले," सेक्रेटरी म्हणाले. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. गच्ची गप्प. दुसऱ्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "मेथी आहे." "छे, काचऱ्या," त्यांचे यजमान म्हणाले. गेल्या वर्षी निवृत्त झालेले एक शेजारी मागे कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी अंधारात मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "एक वाजला वाटतं."